मंगलला पत्र : पीळ

पुणे, ९ फेब्रुवारी

प्रिय मंगल,

परवा तुझा फोन ठेवल्यापासून मन थाऱ्यावर नाही. शलाकाचं पहिलं बाळंतपण, बाळाच्या टाचांना, बोटांना फोड, आणि घरात बोलणं काय, तर हिने ग्रहणात भाजी चिरली होती! तू म्हणालीस, "सुमे, तू जन्मभर प्रथिनंच तपासत आलीस, मग मला कळेल असं सांग ना." फोनवर मला जमलं नाही गं, गळाच दाटून आला. म्हणून लिहितेय. हे शलाकाला वाचून दाखव, आणि तिच्या सासूबाईंनाही.

आप्पा आठव. उन्हाळ्यात तुमच्या ओसरीवर घायपाताचा वाख घेऊन दोर वळायला बसायचे. पेडांची टोकं आपण दोघींनी धरायची आणि ते पीळ देत देत मागे सरकायचे. जरा हात ढिला पडला की ओरडायचे, "पीळ सोडू नका गं पोरींनो!" सुटा वाख आपण बोटांनी तोडायचो, पण त्याच वाखाचं दावं बैलाला आवरायचं. कातडीचंही तसंच आहे. तिच्या सगळ्यांत खालच्या थरातल्या पेशींत केराटिन नावाच्या प्रथिनाचे दोर असतात. त्याचे पेड दोन, केराटिन ५ आणि केराटिन १४. दोन्ही एकमेकांभोवती पिळले जातात, अशा अनेक जोड्या मिळून दोर होतो, आणि त्या दोरांच्या जाळ्यामुळे घासलं, ओढलं तरी पेशी फाटत नाही. आपण म्हणतो ना, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी मरून जातात, तरी त्यांच्यातलं केराटिन तसंच घट्ट असतं. मला ती म्हण आठवली की केराटिनच आठवतं.

मी पहिल्यांदा ही जोडी प्रयोगशाळेतल्या जेलवर, म्हणजे गोठलेल्या खळीसारख्या पातळ थरावर, पाहिली तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. केराटिन साध्या पाण्यात विरघळत नाही, त्याला तीव्र युरिया लागतो. हो, शेतात टाकतो तोच युरिया. मग तो द्राव जेलमध्ये भरून वीज सोडायची, म्हणजे प्रथिनं आकारमानाप्रमाणे वेगळी होत खाली सरकतात. जेल निळ्या रंगात बुडवलं, रात्रभर धुतलं, आणि सकाळी उजेडात धरलं तर दोन ठळक निळ्या पट्ट्या, एक जरा वर, एक जरा खाली. प्रत्येक नमुन्यात दोघी हजर.

अशाच पट्ट्या बघत बघत एलेन फ्युक्स नावाची बाई या आजाराच्या मुळापर्यंत पोचली. तिने डॉक्टरेट केली जिवाणूंच्या बीजाणूंवर, कातडीशी काही संबंध नाही. १९७७ साली ती अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात हॉवर्ड ग्रीन यांच्याकडे गेली. माणसाच्या कातडीच्या पेशी बशीत वाढवायची रीत त्यांनी बसवली होती. पेशी खालून वर सरकताना केराटिनं कशी बदलतात ते एलेन तिथे शिकली. पुढे शिकागोत स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि १९८२ मध्ये केराटिन १४ च्या जनुकाची अक्षरं वाचून काढली. तेव्हा तिच्यासमोर एकही रोगी नव्हता. आधी दोर कसा वळला जातो ते समजून घ्यायचं, मग मुद्दाम एक पेड बिघडवून बघायचं, असा तिचा क्रम. मला तो फार आवडतो. आमच्या क्षेत्रात बहुतेक लोक उलटे जातात, घराण्यातला आजार घेऊन जनुक शोधत.

तिने केराटिन १४ चं टोक छाटलेलं जनुक उंदरांत घातलं. पिल्लं जन्मली आणि जरा घासलं की त्यांच्या अंगावर फोड. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फाटल्या होत्या फक्त तळच्या थरातल्या पेशी. मग तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्वचारोगांची पुस्तकं उघडून हे चित्र माणसाच्या कोणत्या आजाराशी जुळतं ते शोधलं. एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स. शलाकाच्या बाळाच्या रिपोर्टवर लिहिलंय तेच नाव गं. त्याच वर्षी, १९९१ मध्ये, त्यांनी या आजाराच्या दोन रुग्णांचं केराटिन १४ तपासलं आणि दोघांतही बिघाड एकाच जागी निघाला. हे प्रथिन म्हणजे ४७२ मण्यांची माळ. त्यातला १२५ वा मणी, आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल, बदललेला. तू पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोतही तोच १२५ आकडा दिसला तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिले.

पिळाची जिथे सुरुवात, तिथलाच हा मणी. आप्पा म्हणायचे तसं, सुरुवातीचा पीळ धरला नाही तर पुढचं सगळं वाया. बाळाकडे केराटिन १४ चं एक चांगलं जनुकही आहे, पण बिघडलेला पेड चांगल्याबरोबर वळला जातो आणि अख्खा दोर कच्चा होतो.

आता शलाकासाठी. डीएनएमध्ये त्या जागेवरचं अक्षर मुळातच लवकर बदलणारं आहे, म्हणून जगभर एकमेकांशी काही नातं नसलेल्या घरांत नेमका हाच बदल सापडतो. तिचा आणि जावईबापूंचा रिपोर्ट स्वच्छ आलाय. म्हणजे हा बदल बाळातच नव्याने घडला. तिने काय चिरलं, काय खाल्लं, ग्रहणात कुठे बसली, याचा सुतराम संबंध नाही. एका पोरीला कोपऱ्यात बसवून तू बाळाला इजा केलीस म्हणायचं, याची मला चीड येते. पुढच्या बाळाला धोका अगदी थोडा, पण शून्य नाही म्हणून तेव्हा आधी तज्ज्ञांशी बोला.

व्हॉट्सअॅपवर आलेलं अमेरिकेतलं ते जखमेवर लावायचं औषधी जेल या बाळासाठी नाही. २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती याच कुळातल्या दुसऱ्या प्रकारासाठी. तिथे कोलॅजेन ७ नावाचं दुसरंच प्रथिन कमी पडतं, ते आणून देता येतं. इथे बिघडलेला पेड बसलेलाच आहे, नुसता चांगला वाढवून भागत नाही. त्यामुळे पैसे गोळा करायची घाई नको. या प्रकारात मूल मोठं होईल तसे फोड बरेचदा कमी होतात, हे मात्र शलाकाला दोनदा सांग.

तोवर बाळाचं अंग चोळणं, डाळीचं पीठ लावणं बंद. वाळे, मनगट्या, करदोटा काही नको. काखेत हात घालून उचलू नका, एक हात ढुंगणाखाली आणि एक मानेमागे. चिकटपट्टी अजिबात लावायची नाही. झबलं उलटं घाला, शिवण बाहेर येईल असं. उकाड्यात फोड वाढतात, तर खोली गार ठेवा. फोड कसा फोडायचा ते डॉक्टरांकडून हाताने करून शिकून घ्या, वरची कातडी मात्र काढू नका.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय. आईची दोन जुनी लुगडी धुऊन मऊ करून ठेवलीत, त्यांची दुपटी तिथेच आल्यावर फाडू. नवीन कापड आणू नकोस.

तुझी,
सुमा