रेकॉर्ड डेट गाठण्याची घाई नको

लाभांश देणाऱ्या शेअरविषयी आपल्या अर्थविषयक पानावरील लेख वाचला. रेकॉर्ड डेट म्हणजे लाभांश कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी कंपनी भागधारकांची नावे पाहते ती तारीख. ‘रेकॉर्ड डेटच्या आधी खरेदी करा आणि लाभांश पदरात पाडा’ हा त्यातील सल्ला छोट्या गुंतवणूकदारांना तोट्यात नेणारा आहे. ‘टी प्लस वन’ पद्धतीत, म्हणजे खरेदी केलेले शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात त्या पद्धतीत, रेकॉर्ड डेटच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी शेअर घ्यावा लागतो, एवढे खरे. पण त्या तारखेला भाव साधारणपणे लाभांशाइतका खाली उघडतो. ५०० रुपये भावाने १०० शेअर घेतले आणि प्रत्येकी २० रुपये लाभांश मिळाला, तर हाती २,००० रुपये येतात आणि शेअरचे मूल्य जवळपास तेवढेच उतरते. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या करपात्र उत्पन्नात धरला जातो. ३० टक्के दर लागू असेल तर ६०० रुपये करातच जातात. उपकर, दलाली आणि व्यवहार कर वेगळे.

शेअरच्या भावाच्या तुलनेत लाभांशाचा टक्का मोठा दिसतो तो अनेकदा भाव कोसळल्यामुळे किंवा एकदाच दिलेल्या विशेष लाभांशामुळे. म्हणून मागील पाच वर्षांचे वार्षिक अहवाल काढून लाभांश नफ्यातून दिला की कर्ज वाढवून, हे आधी तपासावे. आपल्या लेखात याचा उल्लेखही नाही.

– एक वाचक, ठाणे