खिळे मोजायला शिकवणाऱ्या काकांना

लिंकन, नेब्रास्का

प्रिय काका,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहितेय म्हटल्यावर तुमच्या सूनबाई हसल्या. म्हणाल्या, चार गल्ल्या पलीकडे तर राहतात, फोन कर की. पण फोनवर तुम्ही मला आभार मानू देत नाही. 'ठेव गं' म्हणता आणि थेट सांगलीच्या पावसावर येता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव मात्र घालत नाही, ती तुमची अट.

आपली ओळख झाली तेव्हा मी घरामागच्या लॉनमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन कोपरान् कोपरा झाडत होते. तुम्ही संध्याकाळच्या फेरीला निघाला होतात. कुंपणाशी थांबून म्हणालात, "काय हरवलंय, मंगळसूत्र?" काहीच हरवलेलं नाही, मी जुनी नाणी शोधायला शिकतेय, असं सांगितल्यावर तुम्ही आत येऊन मशीन हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि विचारलंत, "मग इथे का शोधतेस? हे घर तर परवा बांधलेलं."

त्याआधीचा अख्खा उन्हाळा मी वाया घालवला होता. ओळखीतल्या एका शेतकऱ्याने त्याच्या पडीक जागेवर फिरायची परवानगी दिली होती आणि तिथून मी बादलीभर खिळे, बाटल्यांची झाकणं, घोड्याच्या साजाची एक बकल आणि फक्त एक नाणं घेऊन आले. १९०१ चं इंडियन हेड सेंट, म्हणजे अमेरिकेतलं एक सेंटचं जुनं नाणं. त्या नाण्याचं मी काय केलं हे तुम्हाला सांगताना मला लाज वाटली होती. आईने देवाची भांडी घासावीत तसं मी ते चिंच आणि मीठ लावून लख्ख केलं. तुम्ही ते गुलाबी पडलेलं नाणं उजेडात धरलंत आणि एवढंच म्हणालात, "बाई, तू तांब्या घासलास." शंभर वर्षांत चढलेला तपकिरी थर दोन मिनिटांत गेला आणि तो परत येत नाही. आता मी जमिनीतून निघालेलं नाणं साध्या पाण्यात बुडवते आणि बोटसुद्धा चोळत नाही.

तुम्ही पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्यांची लेव्हल काढलीत. नाण्यांशी तुमचा संबंध लहानपणी नांगरामागे सापडलेल्या दोन शिवराईंपुरता. त्यामुळे तुम्ही मला काय शिकवणार, असं मला वाटलं होतं, हेही कबूल करून टाकते. तुम्ही आधी मशीन कसं चालतं ते विचारून घेतलंत. मशीनच्या टोकाच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, त्यामुळे धातूत विजेचे बारीक भोवरा प्रवाह उठतात, त्यांचं क्षेत्र कॉइल परत टिपते, आणि ते किती मागे पडून येतं त्यावरून मशीन लोखंड की चांदी याचा अंदाज बांधतं. लोखंडाला घोगरा आवाज, चांदीला उंच. मग पुढच्या भेटीत तुम्हीच मला ग्रॅहम बेलची गोष्ट सांगितलीत: १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला त्याने असंच यंत्र नेलं, आणि गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ घातला. ती गोष्ट तुम्ही आतापर्यंत मला सहा वेळा सांगितलीय. दर वेळी गादी थोडी मोठी होते.

पण तुमचे खरे उपकार कस्टर काउंटीतले, नेब्रास्काच्या त्या जिल्ह्यातले.

लिंकनहून तीन तासांच्या आसपासची ती गाडीची वाट आठवते? तुम्ही सगळा रस्ता नकाशा मांडीवर घेऊन बसला होतात. एक मैल लांब, एक मैल रुंद असा सेक्शन, ६४० एकरांचा, आणि त्याचा चौथा भाग म्हणजे १६० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एवढी जमीन मिळायची. अठरा डॉलर फी भरा, घर बांधा, पाच वर्षं राहून कसा, आणि जमीन तुमची. ज्या अब्राहम लिंकनने त्यावर सही केली त्याच्याच नावाच्या गावात आपण राहतो. तुम्ही बराच वेळ गप्प होतात आणि मग विचारलंत, "आधी कोणाची होती?" पॉनी नावाच्या इथल्या मूळ जमातीची, मी म्हटलं, त्यांना १८७० च्या दशकात दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. "म्हणजे धरणग्रस्त," तुम्ही म्हणालात. धरणाच्या खात्यात नोकरी केलेल्या माणसाने हा शब्द वापरला, म्हणून मी तो विसरले नाही.

ज्यांच्या कुरणात आपल्याला शोधायचं होतं त्या आजीबाईंच्या दारात मी गाडीतच बसून राहिले असते. तुम्ही टोपी काढलीत, बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केलात आणि तुमच्या त्या संथ इंग्रजीत विचारलंत की तुमच्या कुरणात फिरू का, जे सापडेल ते आधी तुम्हाला दाखवू. त्यांनी एक लाडू स्वतः खाल्ला, अर्धा कुत्र्याला घातला आणि हो म्हणाल्या. तरी तुम्ही कागदावर सही घेतलीतच. राष्ट्रीय उद्यानांत मात्र हे चालत नाही, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. बिएट्रिसजवळ होमस्टेडचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे मशीन गाडीतून बाहेर काढायचं नाही म्हणून तुम्ही मला दम भरलात. आणि गावाकडे तर अजिबात नको, म्हणालात; तिकडे १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं, आणि कलेक्टरच्या आधी 'गुप्तधन, गुप्तधन' करत अख्खं गाव गोळा होतं.

कुरणात मला नुसतं गवत दिसत होतं. तुम्ही लायलॅकची, अंगणात लावतात त्या फुलांची, झुडपं दाखवलीत. रानात कोणी लायलॅक लावत नाही, आपल्याकडे पडक्या वाड्यात चिंच उभी असते तसंच हे, असं म्हणालात. काठी आधी, पाय नंतर, हाही तुमचाच नियम. म्हणून तर झुडपांपलीकडे काठी फळीवर वाजली. कुजलेली फळी, खाली जुनी विहीर. मी तिच्यापासून चार पावलांवर होते. या एका वाक्यासाठी वेगळं पत्र लिहायला हवं, पण तुम्ही ते वाचणार नाही.

मग मशीन बोलायला लागलं आणि पुन्हा तेच, खिळे. गंजून वाकडा झालेला खिळा तर चांदीसारखा उंच ओरडतो, म्हणजे खणल्याशिवाय सुटका नाही. मी वैतागून दुसरीकडे जाऊ म्हटलं. तुम्ही खिशातून आइस्क्रीमच्या काड्यांचं पुडकं काढलंत. तारेच्या झेंड्या मशीनला गोंधळवतात म्हणून काड्या. "खिळा आला की काडी रोव. खणू नकोस, नुसती रोव."

अडीच तास आपण काड्या रोवत होतो. मला हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटत होता. मग तुम्ही दोरी ताणलीत, फीत धरलीत आणि मला लायलॅकपाशी उभं राहून बघायला सांगितलंत. गवतात सोळा बाय चोवीस फुटांचं घर उभं होतं. चारी भिंती काड्यांच्या. दक्षिणेला एका जागी काड्या विरळ, ते दार. वायव्य कोपऱ्यात बिडाच्या चुलीचे तुकडे आणि कोळशाची खर. घर पाडून लाकूड गोठ्याला नेलं असणार, खिळे तिथल्या तिथे गळले, आणि त्या कुरणात पुढे नांगर फिरला नाही.

त्याआधी याच लोकांचं मातीचं घरही असेल, गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांचं. या काउंटीत तशी घरं पुष्कळ होती. सॉलोमन बुचर नावाच्या फोटोग्राफरने १८८६ पासून त्यांचे फोटो काढले, दारात अख्खं कुटुंब, गाईगुरं, कधी घरातलं सामानसुद्धा बाहेर मांडलेलं. पण ढेकळाच्या भिंतीत खिळे कुठले? ते घर मातीत मिसळून गेलं, आपल्या काड्यांना सापडलं नाही.

दाराच्या जागी तुम्ही मला छोटी कॉइल लावायला दिलीत. खिळ्यांच्या गर्दीत मोठी कॉइल सगळं एकदम ऐकते आणि नाणं लोखंडाखाली झाकून जातं. हळू, आडवं, मग उभं. दोन्ही दिशांनी तोच उंच सूर आला. गवताची चकती बिजागरीसारखी एका बाजूला उलटवली, आणि बोटभर खोल, काळ्या मातीत पांढरंशुभ्र काहीतरी. १९०७ चा बार्बर डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं. नव्वद टक्के चांदी, अडीच ग्रॅम वजन, आणि मी ओरडले तेवढी कधी कुठल्याही बक्षिसाला ओरडले नव्हते. पुढे वाळणाच्या तारेच्या दोन लोखंडी खांबांमध्ये गव्हाच्या ओंब्या कोरलेली एक सेंटची दोन नाणी आणि एक 'व्ही' निकेल, म्हणजे रोमन पाचाचा आकडा असलेलं पाच सेंटचं नाणं, मिळालं. ओल्या विजारींच्या खिशातून पडलेली असणार. निकेल १८८३ चं नव्हतं म्हणून तुम्ही हिरमुसलात. त्या वर्षीच्या पहिल्या निकेलवर 'सेंट' हा शब्दच नव्हता, आणि लबाड लोक त्यावर सोन्याचा मुलामा देऊन ते पाच डॉलर म्हणून खपवत. ही गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली, आणि आता तीही तुमचीच झालीय.

आजीबाईंना बोलावलं. त्यांच्याकडे या घराचा एक फोटो होता, पण जागा नेमकी कुठली हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्या डाइमकडे नंतर वळल्या. आधी काड्यांच्या आत शिरल्या, दारातूनच, भिंत ओलांडून नाही. "स्वयंपाकघर?" त्यांनी विचारलं. तुम्ही काठीने वायव्य कोपरा दाखवलात. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि फोटो कुठल्या बाजूने काढला असेल ते मान वळवून बघू लागल्या. आपण दोघं उगाच कॉइलची वायर गुंडाळत बसलो.

डाइम त्यांनी ठेवून घेतला. बरोबरच आहे, माझ्या पोटात थोडं दुखलं तरी. बाकीची नाणी मला दिली. निघताना मी काड्या उपटायला लागले तर म्हणाल्या, राहू दे.

त्या दिवसानंतर मी खिळ्याचा घोगरा आवाज बंद करून फिरत नाही. मशीनमध्ये ती सोय आहे, पुष्कळ जण वापरतात. मी आधी ऐकते, काड्या रोवते, मग खणते. आइस्क्रीम आमच्याकडे आता सहा महिने तेवढ्यासाठी आणलं जातं, मुलं तुमच्यावर खूश आहेत.

तुमची छोटी कॉइल ऑक्टोबरपासून माझ्याकडेच आहे. जमीन मोकळी झाली की घेऊन येते. आजीबाईंचा निरोप आलाय, त्यांच्या दिराच्या कुरणातही लायलॅक आहे म्हणे. लाडू मात्र या वेळी जास्त घ्या, कुत्रे दोन झालेत.

तुमची,
कुंपणापलीकडची