जाड, तिरक्या अक्षरांबद्दल

पुणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

पोस्टरचा कच्चा आराखडा मिळाला. नाट्यमहोत्सवाचं इंग्रजी नाव जाड, तिरक्या अक्षरांत घ्यायचं तुझ्या मनात आलं, याचा मला फार आनंद झाला. फक्त एक बदल कर. तू सरळ बोल्ड फॉन्ट घेऊन सॉफ्टवेअरमध्ये तिरका केला आहेस, तो काढून टाक आणि मुळातच इटालिक, म्हणजे तिरक्या वळणाचा, म्हणून काढलेला फॉन्ट लाव. या अक्षरांवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या आराखड्यातला इंग्रजी ‘ओ’ मोठा करून बघ. वरचा उजवा आणि खालचा डावा खांदा सुजलाय, उरलेले दोन वाळलेत. अक्षर उजवीकडे झुकवलं की असं होणारच. बारीक वजनाच्या अक्षरात ते खपून जातं, इतक्या जाड अक्षरात डोळ्यांवर येतं. खऱ्या इटालिकमध्ये तो ‘ओ’ नव्याने काढलेला असतो. ‘ए’ची घडणच वेगळी, एकाच पोटाची. ‘एन’च्या पायाशी केसाएवढी रेघ वळून बाहेर पडते. ‘के’, ‘व्ही’ यांच्या टोकाला टपोरा थेंब येतो.

ही अक्षरं लंडनची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या रॉबर्ट थॉर्न या टाईप ओतणाऱ्याने ‘फॅट फेस’ नावाचे लठ्ठ टाईप चालवले. उभ्या रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत आणि आडव्या रेघा मात्र केसासारख्या. 1825 साली हॅन्सर्ड या मुद्रकाने छपाईवरच्या ग्रंथात या जाड अक्षरांचं श्रेय मुख्यतः थॉर्नलाच दिलं. गिऱ्हाईक कोण, तर नाटकवाले, लिलाववाले आणि सरकारी लॉटरीची तिकिटं विकणारे. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर एका शब्दावर खिळवायची, एवढंच त्यांना हवं होतं. 1820 मध्ये थॉर्न गेला आणि त्याचा कारखाना विल्यम थोरोगुडने घेतला. या धंद्याचा त्याला काडीचा अनुभव नव्हता. पैसा लॉटरीत लागलेला होता, असं इतिहासकार सांगतात. त्याच्या नावाने ओळखला जाणारा जाड टाईप पुढे स्टीव्हनसन ब्लेक कंपनीने 1953 मध्ये पुन्हा बाजारात आणला, इटालिकसकट.

खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे शिशाचे तुकडे, जुळवून छापायच्या काळात तिरक्या अक्षराची मोठी अडचण ‘एफ’ची. त्याचं डोकं आणि शेपूट खिळ्याच्या बाहेर लोंबायचं. त्याला खालून आधार नसे, म्हणून दाब पडला की पहिलं तेच तुटायचं. मराठीसाठीच्या जुन्या ‘डिग्री’ पद्धतीच्या टाईपात मात्रा, वेलांट्या शेजारच्या खिळ्यावर झुकायच्या, तिथेही तेच दुखणं. मोठ्या आकाराचं शिसं जडही फार व्हायचं. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकडी टाईप यंत्रावर कोरायला सुरुवात केली आणि पोस्टरची अक्षरं मोठी होत गेली.

आता वापराचं. माझं ठाम मत आहे की जाड इटालिक हा दोन-चार शब्दांचाच टाईप आहे. नाव त्यात लाव. तारीख, स्थळ, तिकीट दर साध्या सरळ फॉन्टमध्ये ठेव. खरं सौंदर्य अक्षराच्या पोटातल्या पांढऱ्या जागेत असतं. ‘ई’चा डोळा बारीकशा फटीएवढा असतो, आणि ऑफसेटला शाई जरा जास्त झाली की तो बुजतो. केसासारख्या रेघांचंही तसंच, लहान आकारात त्या तुटक दिसतात. म्हणून नाव मोठं घे, अगदी पोस्टरच्या रुंदीला भिडेल एवढं. अक्षरांमधलं अंतर कमी कर, आणि ते हाताने जुळव.

फॉन्टसाठी लांब जायला नको. मॅथ्यू कार्टर या टाईप डिझायनरने 1992 मध्ये लंडनच्याच विन्सेंट फिगिन्स या टाईप ओतणाऱ्याच्या जुन्या अक्षरांवरून ‘एलिफंट’ केला, त्याचं इटालिक मला सगळ्यात आवडतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर तो मिळायचा, तुझ्या मशिनवर बहुतेक असेलच. नसेल तर ‘प्लेफेअर डिस्प्ले’चं ब्लॅक इटालिक फुकट आहे. ते इतकं लठ्ठ नाही, पण चाल छान आहे.

मराठी नाव मात्र तिरकं करू नकोस, हे कळकळीने सांगतोय. आपल्या बोरूचा काप इंग्रजी टाकाच्या उलटा, त्यामुळे जाडी उलट्या दिशेला पडते. अक्षर उजवीकडे ढकललं की नेमकी तीच जाडी झिजते आणि ‘र’चा पाय उगाच फुगून उभा राहतो. मात्रेचा झोक जातो. शिरोरेषा जागची हलत नाही, म्हणून सगळे काने तिच्याखाली लटकल्यासारखे दिसतात. ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा मराठी फॉन्ट बघ. सरळ आहे, पण वजनात इंग्रजी नावाला पुरून उरेल. तिरकंच हवं असेल तर हाताने काढून घे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं त्या त्या नाटकाचा स्वभाव ओळखून हातानेच काढली. नाट्यमहोत्सवाच्या पोस्टरला ती वाट शोभेल, आणि तुमच्या गावात असा हात असलेला कुणी असेल तर त्याला चार पैसेही मिळतील.

दुसरं प्रूफ पाठवशील तेव्हा कागद कोणता घेणार आहेस तेही लिही. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर एलिफंटच लाव. साधा, बिनचकाकीचा मॅपलिथो कागद असेल तर केसासारख्या रेघा थोड्या जाड करून घ्याव्या लागतील, ते मी करून देईन. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध