अडकलेल्या पुंगळीबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

त्या शनिवारी आपण माझे पिस्तूल दुरुस्त करून हाती दिलेत, तेव्हा घसा दाटून आल्यामुळे मला धड दोन शब्दही बोलता आले नाहीत. ते राहून गेलेले शब्द आज सर्वांसमक्ष लिहीत आहे.

राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, ते पाहून मी या खेळात आले आणि वापरलेले का होईना, पण स्वतःचे पॉइंट टू-टू बोअरचे पिस्तूल घ्यायचे म्हणून कित्येक वर्षे पैसे साठवले. तेच पिस्तूल गेल्या पावसाळ्यापासून झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या बाहेर टाकीनासे झाले. कधी पुंगळी स्लाइडच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, तोंडाशी उभी अडके, तर कधी चेंबरमध्येच, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीतच, राहून जाई आणि मागचे काडतूस तिच्यावर येऊन थडके. रॅपिडच्या, म्हणजे झटपट नेमबाजीच्या, फेरीत प्रत्येक गोळीसाठी जेमतेम तीन सेकंद मिळतात. तिथे एकदा असे झाले की पुढच्या गोळीला हात आधीच धास्तावलेला असतो.

आपल्याआधी मी ज्यांच्याकडे गेले, त्यांच्यापैकी एकानेही पिस्तूल उघडून पाहिले नाही. "बायकांचे मनगट ढिले पडते, घट्ट धरा," असे एकाने सुनावले. दुसऱ्याने महागडी काडतुसे घ्यायला लावली. तिसऱ्याने तेल घालून पैसे घेतले. पाच महिने मी मनगटाचे व्यायाम करीत राहिले आणि मनातून स्वतःलाच दोष देत राहिले.

आपण मात्र माझे सगळे म्हणणे ऐकून घेतलेत आणि "ताई, आधी मीच झाडून पाहतो," म्हणत स्वतः फायरिंग पॉइंटवर उभे राहिलात. लष्करात उभी हयात शस्त्रे दुरुस्त करण्यात गेलेल्या त्या हातांतही तिसऱ्याच गोळीला पुंगळी अडकली. आपण एक शब्द बोलला नाहीत. नळी लक्ष्याकडेच ठेवून मला जवळ बोलावलेत, ती अडकलेली पुंगळी दाखवलीत, पिस्तूल रिकामे केलेत आणि पुंगळी माझ्या तळहातावर ठेवलीत. काका, माझे मनगट त्या क्षणी निर्दोष सुटले.

दोष किती लहान होता! पुंगळीची कड पकडणारी एक्सट्रॅक्टरची आकडी झिजून गोल झाली होती आणि तिची स्प्रिंगही थकली होती. या पिस्तुलात वायूचा दाबच पुंगळीला मागे ढकलतो, त्यामुळे झिजलेल्या आकडीवरही बहुतेक गोळ्या सुरळीत जातात आणि दोष लपून राहतो; पण पुंगळीला बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरवर आपटेपर्यंत पुंगळीला धरून ठेवणारी पकडच सुटली, तर ती बाहेर न उडता आतच भरकटते. कडेवरून आकडी घसरल्याची पुसट रेघ आपण मला भिंगातून दाखवलीत, तीही मी विचारण्याआधी. समोरचा माणूस खरे सांगत असेल असे धरून तपासाला लागणे, ही माणुसकी मला कौशल्याहूनही मोठी वाटते, आणि आपल्यापाशी दोन्ही आहे.

गेल्या रविवारी साठच्या साठ गोळ्या विनाअडथळा गेल्या. सगळ्या पुंगळ्या उजवीकडे जवळजवळ एकाच जागी पडल्या होत्या. आपण मजुरी घेतली नाहीत, म्हणून संक्रांतीला तिळगुळाचा डबा घेऊन घरी येत आहे. तो तरी परत पाठवू नये, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक नेमबाज