फोटो सगळे आहेत, फक्त दार बदललंय

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

तुमच्या कॉम्प्युटरवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकली, हे ऐकून परवा फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले, आणि तुमचं ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मोठ्या अक्षरांत छापून कॉम्प्युटरशेजारी ठेवा.

आधी कारण सांगते. विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. वाढीव मुदत मिळत होती, पण तीही तात्पुरतीच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची एक चिप) आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, ते आपल्या मशीनमध्ये नाही. बाबा त्याच मशीनवर बँकेचं काम करतात, मग मला स्वस्थ कसं वाटेल? मशीन चांगलं चालतंय, स्क्रीन आईच्या डोळ्यांना सवयीची झालीय, ते टाकून का द्यायचं? म्हणून लिनक्स मिंट टाकलं. आधी विचारलं असतं तर "राहू दे, चालतंय ना" म्हणाला असतात.

आता फोटो. एकही गेलेला नाही. फोटोच्या फाइली विंडोजच्या नसतात, जेपीजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, कुठेही जेपीजीच. बाबांनी दिलेली मराठी नावं, वर्षांचे फोल्डर, आजीचा वेगळा फोल्डर, सगळं जसंच्या तसं आहे. फक्त "डी ड्राइव्ह" शोधू नका, लिनक्समध्ये ड्राइव्हला अक्षरं नसतात. सगळे फोल्डर आता "पिक्चर्स"मध्ये आहेत.

बाबा, तुमचा फोटो बघायचा प्रोग्रॅम इरफानव्ह्यू, तो 1996 पासून आहे, पण तो विंडोजसाठीच बनतो. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या सोयीतून तो इथेही चालवता येतो, पण मला ते ठिगळ वाटलं. उद्या अडलं तर तुम्ही माझ्या फोनची वाट बघत बसाल. मिंटबरोबर पिक्स नावाचा फोटो बघायचा प्रोग्रॅम येतो, तो तुमच्या सवयीच्या जवळचा आहे. डावीकडे फोल्डर, उजवीकडे छोटे फोटो. फोटोवर डबल क्लिक केलं की मोठा होतो. स्पेसबारने पुढचा, बॅकस्पेसने मागचा. एफ-11 दाबलं की फोटो पूर्ण स्क्रीनभर, एस्केपने परत. आई, तुला स्पेसबारची एवढी एक लांब पट्टी दाबायचीय, माउस धरायलाच नको, मनगट दुखणार नाही. चेहरा नीट दिसत नसेल तर अधिकचं चिन्ह दाब.

एखादा मोठा फोल्डर पहिल्यांदा उघडाल तेव्हा आधी सगळीकडे सारखीच चिन्हं दिसतील आणि मग एकेक फोटो उमटत जाईल. बिघडलेलं नाही, छोटी चित्रं तयार होतायत. ती साठवून ठेवली जातात, पुढच्या वेळी चटकन दिसतील. क्रम उलटसुलट वाटला तर पिक्समध्ये फोटो काढल्याच्या तारखेनुसार लावता येतात. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना मात्र ही युक्ती चालत नाही, त्यांच्यात फोटो काढल्याची तारीखच नसते. बाबांनी नावाच्या सुरुवातीला वर्ष घातलंय, म्हणून नावानुसार लावले की 1984 आपोआप 1991 च्या आधी येतं. ती शिस्त बघून किती बरं वाटलं, बाबा! मला मांडीवर घेऊन अल्बममागे पेन्सिलने तारखा लिहायचात, तसंच अक्षर न् अक्षर जपलंय. शाळेच्या फोल्डरमधला दोन वेण्यांचा फोटो बघून मी बराच वेळ तिथेच थांबले होते.

आता नीट ऐका. नको असलेला फोटो डिलीटने काढला तर ट्रॅशमध्ये जातो, परत आणता येतो. शिफ्ट धरून डिलीट करायचं नाही. अजिबात नाही. दुसरं म्हणजे, टाइमशिफ्ट नावाची सोय लावून दिलीय, पण ती सिस्टिम सांभाळते, फोटो नाही. म्हणून महिन्यातून एकदा बाहेरची डिस्क जोडा, "पिक्चर्स"मधलं नवीन तिच्यावर कॉपी करा, आणि केबल काढण्याआधी नावाशेजारचं इजेक्टचं चिन्ह दाबा. कॉपी संपल्यासारखी दिसली तरी आत लिहिणं चालू असू शकतं. घाई करू नका.

आणि आई, संध्याकाळी दिवा लावून बस. अंधारात स्क्रीनकडे बघत राहतेस, मला माहीत आहे. चष्म्याचा नंबर याच महिन्यात तपासून घे, "पुढच्या महिन्यात" चालणार नाही. बाबांनी बरोबर जावं.

आवडलं नाही असं वाटलं तर मनात ठेवू नका, सांगा. महिनाभर वापरून बघा, मग जे म्हणाल ते करू.

तुमची,
छकुली

ता. क. आत्याच्या फोनमधले फोटो एचईआयसी या जेपीजीहून वेगळ्या प्रकारचे आहेत. ते उघडण्यासाठी लागणारं टाकून ठेवलंय. तरीही एखादा उघडला नाही तर नाव लिहून ठेवा, पुसू नका.