किरायदारांची नोंद नगर परिषदेनं ठेवावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्याच्या गावात यंदा घरपट्टीची नवी आकारणी झाली. आकारणीच्या यादीत मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचा, म्हणजे घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, रकाना असतो. टेप घेऊन आलेल्या माणसांनी खोल्या मोजल्या, छत स्लॅबचं की टिनाचं ते लिहिलं आणि त्या रकान्यात ‘स्वतः’ टाकून पुढच्या घरी गेले. घरमालक समोरच्या नव्या घरात राहतात. या चारही खोल्यांत आम्ही किरायदार आहोत आणि मी तेव्हा दारातच शिलाई मशीनवर बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही.

गावाकडं आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढं मुलीला रोज एसटीनं पाठवायचं तर पावसाळ्यात गाडीचा भरवसा नाही. म्हणून दोन्ही मुलांना घेऊन मी इथं खोली केली. हे गावातच राहून मक्त्याचं वावर पाहतात. शेजारच्या खोलीत जिनिंगमधला कामगार, त्यापुढं दवाखान्यातली एक नर्स, शेवटच्या खोलीत कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, कॉलेजसाठी आलेली दोन मुलं. अशी घरं प्रत्येक वॉर्डात आहेत. आमची नावं मात्र आपापल्या मूळ गावच्या मतदार यादीत, त्यामुळे वॉर्डाचा कुणी नगरसेवक आमच्या दारात थांबत नाही.

मे महिन्यात टिनाखाली काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. कूलर लावायचा तर महिन्याला 300 रुपये वेगळे, आणि सब-मीटरचे युनिटला 12 रुपये आहेतच. शिवाय कूलरची टाकी नळाच्या पाण्यानं भरायची नाही, अशी अट. दुपारी मी डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवते.

त्याच महिन्यात रस्त्याच्या कामावरच्या एका ठेकेदारानं मजुरांसाठी आमच्या मागची अख्खी चाळ जास्त किराया देऊन घेतली. तिथल्या कुटुंबांना आठवड्याभरात निघायला सांगितलं. एका बाईचं बाळ महिन्याचंही नव्हतं. ती आमच्या वॉर्डात खोली शोधत फिरली, तर आधी आडनाव विचारलं, मग घरात मटण शिजतं का ते. शेवटी ती माहेरी गेली. तिच्या मोठ्या मुलाचं नाव अजून इथल्याच शाळेत आहे.

त्या चाळीत करार कुणाकडेच नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. किराया घेतला की पावती द्यावी लागते. सबळ कारण नसताना पाणी किंवा वीज तोडता येत नाही, हे कलम 29 सांगतं. हे सगळं मला सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलानं वाचून दाखवलं. आमच्या गल्लीत किरायाची पावती कुणी पाहिलेली नाही.

घरमालक वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. कितीतरी जणांचं, विशेषतः एकट्या म्हाताऱ्या बायांचं, दोन खोल्यांच्या किरायावरच भागतं. किरायदार दाखवला तर घरपट्टी वाढेल ही त्यांची भीती खरी आहे, कारण ही आकारणी वार्षिक भाडेमूल्यावर होते. माणूस खोली सोडणार नाही अशीही धास्ती असते. पण लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती खोली वापरायला देण्याचा, करार नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर खोली परत मिळवण्याची सोय कलम 24 मध्ये मालकासाठीच केलेली आहे. हे त्यांना समजावून कोण सांगणार? माझ्या मते हे काम नगर परिषदेचं आहे. करार दाखवणाऱ्या छोट्या मालकाला करात काही सवलत देता येते का, तेही सभागृहानं तपासावं.

घरकुलाचं विचारायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘जागा आहे का?’ इथं जागा नाही, म्हणूनच तर किरायानं राहतो. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये स्वतःच्या जागेवर बांधायच्या घरांसोबत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही एक घटक आहे. आमच्या गावात त्याबद्दल कुणी बोलल्याचं मी ऐकलं नाही. प्रस्ताव करायचा म्हटलं तरी गावात किरायदार किती, कुठून आलेले, किती किराया देतात, हे आधी माहीत पाहिजे. तो आकडा आज कुणाजवळच नाही.

आता प्रशासक जाऊन निवडून आलेलं सभागृह बसलं आहे. त्यांच्याकडं माझी मागणी आहे की वसुली कर्मचाऱ्यांनी घरपट्टीच्या फेरीतच प्रत्येक खोलीचा भोगवटादार विचारून लिहावा. कार्यालयात आठवड्यातून एक दिवस एक टेबल लावावं. तिथं रिकाम्या खोल्यांची यादी असावी, कराराचा नमुना मिळावा आणि तक्रार लिहून घेतली जावी. तालुका विधी सेवा समितीचा माणूसही त्या टेबलावर बसवावा. मोफत कायदेशीर मदतीसाठी बाईला उत्पन्नाची अट नाही, आणि आमच्यातल्या बहुतेकींना हे ठाऊकच नाही.

खोल्या रिकाम्या करायला लावतात त्या परीक्षा संपल्या की, एप्रिल-मे महिन्यांत. त्याआधीच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा.

आपली,
एक किरायदार महिला, जि. यवतमाळ
(घरमालकाशी वाद नको म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)