तारे पुढच्या सीटला, आजी मागच्या सीटवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर छोट्या एसयूव्हींच्या अपघात चाचण्यांबद्दल अधूनमधून मजकूर येतो. ‘कुटुंबासाठी पाच ताऱ्यांची गाडी’ असा मथळा, खाली किंमत, मायलेज, सनरूफ आहे की नाही, आणि बातमी संपली. मी विमा क्लेमसाठी अपघातग्रस्त गाड्यांचा सर्व्हे करतो. कराडच्या आसपास महामार्गावर जे आपटतं, ते ओढून ज्या गॅरेजांत आणतात तिथे माझे दिवस जातात. त्यामुळे हे तारे मी जरा वेगळ्या बाजूने वाचतो.

तारे खोटे आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. गाड्या आपटून त्यांना शून्य ते पाच तारे देणाऱ्या ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने २०१४ साली आपल्याकडच्या लोकप्रिय छोट्या गाड्या पहिल्यांदा आपटून पाहिल्या, तेव्हा अल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो, पोलो या पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलना शून्य तारे मिळाले होते. तिथून डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळेपर्यंत आलो. भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे पहिल्यांदाच मिळाले. आणि फरक गॅरेजातही दिसतो. पुढून जबरदस्त धडक बसलेली, बोनेटची घडी झालेली गाडी येते, पण काचेशेजारचे खांब सरळ असतात, चारही दारं हाताने उघडतात आणि स्टेअरिंग जागच्या जागी असतं. बघायला आलेले लोक मात्र ‘पत्राच हलका हो’ म्हणून हळहळतात. अहो, पुढचा भाग चेपायलाच हवा, धडक त्यानेच खायची असते. चेपता कामा नये ती माणसं बसतात ती जागा. दार लावताना येणाऱ्या आवाजावरून गाडीची मजबुती ठरवणारे जाणकार तर प्रत्येक शोरूममध्ये एक तरी भेटतोच.

आता त्याच नेक्सॉनचा २०१८ चा निकाल पुरता वाचा. मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी १७ पैकी १६.०६ गुण, पाच तारे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ४९ पैकी २५, म्हणजे तीन तारे. दोन्ही आकडे एकाच निकालपत्रात शेजारी-शेजारी होते. मथळा झाला तो पहिल्याचा. त्याच वर्षी व्हिटारा ब्रेझाला मोठ्यांसाठी चार तारे मिळाले आणि मुलांसाठी दोन. ज्या गाड्या ‘फॅमिली’ या शब्दावर विकल्या जातात, त्यांत मुलांचा रकाना कोणी मोठ्या अक्षरांत छापला नाही. पुढे नेक्सॉन सुधारली. २०२३ च्या नव्या रूपात सहा एअरबॅग आणि सगळ्या सीटना तीन बिंदूंचे पट्टे बेस मॉडेलपासून आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अधिक कडक चाचणीत मुलांसाठी ४९ पैकी ४४.५२ गुण मिळाले. कंपनीने मनावर घेतलं तर काय होतं, ते यातून दिसतं.

पण हे ४४.५२ गुण कसे मिळाले, हे गाडी घेणाऱ्या दहा जणांना विचारा. चाचणीत मागच्या सीटवर दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे असतात, आणि ते चाइल्ड सीटमध्ये बांधलेले असतात. तारे देताना आईच्या मांडीवर ठेवलेल्या बाळाची परीक्षा घेत नाहीत, कारण तिचा निकाल आधीच ठाऊक आहे. चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळते. ती साधारण एक दशांश सेकंदात थांबली असं धरा आणि आकडेमोड करा : दहा किलोचं बाळ त्या क्षणी सरासरी एकशेऐंशी किलोचं होतं. कोणती आई ते धरून ठेवेल? आणि बाळाला घेऊन ती पुढच्या सीटवर असेल, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडणारी एअरबॅग आणि आई यांच्या मधोमध ते बाळ असतं.

दुसरी गोष्ट तर बहुतेकांच्या गावीही नाही. समोरासमोरच्या त्या धडकेत मोठ्या माणसांचे पुतळे फक्त पुढच्या दोन सीटवर असतात. ‘भारत एनकॅप’मध्येही तसंच आहे. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या या आपल्या चाचणीत नेक्सॉनने मोठ्यांसाठी ३२ पैकी २९.४१ गुण मिळवले, स्कोडा कायलॅकने ३०.८८. उत्तमच गुण आहेत. पण यांतला एकही गुण मागे बसलेल्या आजीचा नाही. आणि आपल्या घरात आजी-आजोबा कायम मागेच बसतात.

आजी पट्टा लावते का? मी मागचं दार उघडलं की आधी पट्टे बघतो. धडकेच्या वेळी लावलेला पट्टा ओळखू येतो : वरच्या कडीतून जाणारी त्याची पट्टी ताणाने चकचकीत झालेली असते, कधी तिथला धागा वितळल्यासारखा दिसतो. पुढच्या सीटवर हल्ली ही खूण बऱ्याचदा सापडते. मागचे पट्टे मात्र कोरे करकरीत असतात. परवा एका गाडीत मला मागची बकलंच दिसेनात. गाडी पाच ताऱ्यांची, जेमतेम वर्षाची. सीटकव्हर वर करून बघितलं, तर तिन्ही बकलं त्याच्याखाली दाबून टाकलेली, एकाचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. कव्हर बसवणाऱ्या दुकानदाराने ‘टोचतात’ म्हणून आत सारली होती आणि मालकांना ते छान वाटलं होतं. पुढच्या सीटनाही तेच जाड कव्हर. सीटच्या कडेतून उघडणाऱ्या एअरबॅगच्या शिवणीवरच ते घट्ट ताणून बसवलेलं होतं. मागे बसलेल्या काकूंचा खांदा आणि दोन बरगड्या मोडल्या. त्या जिथे आपटल्या ती ड्रायव्हरची सीट पुढे वाकली होती. मागच्या माणसाने पट्टा लावला नाही तर पुढच्यालाही मार बसतो, तो असा.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. मागे बसलेले दोघेही गेले, दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते. चार दिवस सगळीकडे चर्चा झाली. नंतर सीटबेल्टचा अलार्म बंद पाडणाऱ्या क्लिपांचं इतकं पीक आलं की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशानंतर ऑनलाइन दुकानांना अशा १३,११८ जाहिराती काढाव्या लागल्या. सुरक्षेसाठी जास्त पैसे मोजायचे आणि पन्नास-शंभर रुपयांत ती बंद पाडायची! कायदा आहेच : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यात किंवा चाइल्ड सीटमध्ये नसेल तर हजार रुपये दंड. सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर उभी केलेली पोरं घेऊन गाड्या नाक्यांवरून खुशाल जातात. तो दंड कोणी भरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

एक गोष्ट गाडीवाल्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. अंधारात, मागचा दिवा बंद असलेल्या उभ्या ट्रकखाली गाडी घुसली तर ताऱ्यांचा फारसा उपयोग होत नाही. ट्रकचा हौदा बोनेटच्या वरून थेट काचेवर येतो, चेपायचा भाग खालून तसाच निघून जातो. ट्रकच्या मागे लावायचा आडवा दांडा त्यासाठीच असतो. तो वाकलेला किंवा कापून टाकलेला ट्रक आरटीओच्या पासिंगमधून सुटतो कसा, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आपल्याकडे मागणं एवढंच. गाडीच्या ताऱ्यांची बातमी छापाल तेव्हा मोठ्यांचे आणि मुलांचे गुण शेजारी-शेजारी, एकाच टाइपात छापा. चाचणीतली मुलं चाइल्ड सीटमध्ये होती आणि मागे मोठं माणूस नव्हतंच, हे एका ओळीत लिहा. चाचणी कोणत्या मॉडेलची आणि कोणत्या साली झाली तेही द्या, कारण २०१८ चे तारे दाखवून जुनी गाडी आजही विकली जाते. वितरकांनाही सांगावंसं वाटतं, की गाडीची चावी देताना हार, नारळ, पेढे, फोटो सगळं होऊ द्या. पण त्याच वेळी मागच्या सीटच्या फटीत असलेले आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, हूक गिऱ्हाइकाला हात लावून दाखवा. साधी चाइल्ड सीट आठ-दहा हजारांत येते. सीटकव्हर, फूटमॅट आणि मागच्या काचेवरचं नाव यांचं बिल बहुतेक वेळा त्याहून मोठं असतं.

आपला,
एक वाहन सर्व्हेअर, कराड
(व्यवसायामुळे नाव छापू नये, ही विनंती.)